पाण्यावर वीतभर

आकाशातून विमान गेलं की कोयनानगरच्या कॉलनीत सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. वायरलेसअण्णांची मान मात्र तशीच राहायची. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात काढलेला हा माणूस विमानाकडे बघतसुद्धा नसे. पण धरणाच्या पाण्यावरून एखादा पाणकावळा, पोट पाण्याला लागतंय की काय इतक्या खालून, पंख ताठ धरून सरकत गेला, की अण्णा चहाचा कप हातात तसाच धरून उभे राहत. पक्षी दिसेनासा झाला की म्हणत, "वर कुनीबी जातं. सोपं कुटं हाय ते ह्येला कळलंय."

अण्णा माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. विमानांचे रेडिओ दुरुस्त करण्यात नोकरी झाली आणि पेन्शन घेऊन ते धरणावर बिनतारी संदेशाच्या खोलीत लागले. लांबलांबच्या चौक्यांवरून पावसाचे आकडे यायचे, ते कानाला यंत्र लावून ऐकायचे आणि पुढे कळवायचे, हे त्यांचं काम. बायको पूर्वीच गेलेली, मुलगा मुंबईला. आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये ते एकटे राहत. एवढ्या पाण्याच्या काठावर राहून त्यांना पोहता येत नव्हतं. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "आमच्यात पानी प्यायलाच पुरत न्हाई, पवायला कुठलं आनायचं?"

मी सांगलीची. लग्न होऊन मी कोयनानगरला आले तेव्हा मोठ्या भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण जमीन अजून अधूनमधून हलायची. फळीवरची भांडी वाजली की मी अंगणात पळायची. हे दिवसभर ऑफिसात. सांगलीतली माणसं, बाजार, कृष्णेचा घाट, सगळं मागे राहिलेलं. माहेरून आणलेलं शिवणयंत्र तेवढं सोबतीला होतं. त्याच्याच आवाजावर एक दिवस अण्णा दारात आले.

"वैनी, तुमी शिवता न्हवं? एक खोळ शिवून पायजे. लय घट्ट."

"कशाची? उशीची?"

"पंखाची," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या खोलीत जाऊन पाहिलं. खाटेवर बांबूच्या कामट्यांचा आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा एक सांगाडा होता. विमान म्हणावं तर पंख विमानासारखे नव्हते. पुढे रुंद, मागे निमुळते, आणि दोन्ही कडा खाली वाकवलेल्या. शेपूट मात्र भलतीच उंच. कॉलनीतली पोरं त्याला 'अण्णांचं सूप' म्हणायची आणि अण्णाही तेच म्हणायला लागले होते. मी माझ्या जुन्या रेशमी ओढणीची खोळ शिवली. अण्णांनी ती सांगाड्यावर चढवून वरून पातळ वार्निश दिलं. वाळल्यावर रेशीम असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर डफासारखं वाजायचं.

हे सूप उंच उडणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी एक पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत फरशीवर हलकेच भिरकावला. तो जमिनीला न टेकता तरंगत पार चुलीपाशी गेला.

"बघा. हवा खाली सापडली. तिला सुटायला वाट न्हाई, म्हनून ती उचलून धरती. विमान उतरताना असंच करतं, वैनी. चाकं टेकायच्या आधी घटकाभर बसायलाच मागत न्हाई. आमी धावपट्टीच्या कडंला हुबं राहून ते बघायचो. मला वाटायचं, ही तेवढी घटकाच लांबवता आली तर?"

घटकाभराचं ते तरंगणं लांबवणं, हाच अण्णांचा ध्यास होता. सुपाच्या नाकावर मुठीएवढं इंजिन होतं. रॉकेल, एरंडेल आणि ईथर मिसळून ते चालायचं, त्यामुळे अण्णांच्या सदऱ्याला कायम दवाखान्याचा वास. पोटात रेडिओचा छोटा डबा आणि रबराच्या पिळावर फिरणारं सुकाणू. काठावरून चालवायचा दुसरा डबा, त्याला माणसाएवढी उंच काडी आणि एकच बटण. बटण एकदा दाबून धरलं की सूप उजवीकडे वळे, दोनदा दाबून धरलं की डावीकडे, सोडलं की सरळ. थांबवायची सोयच नव्हती. तेल संपलं की ते आपोआप पाण्यावर बसे. रेडिओचा परवाना अण्णांनी रीतसर काढला होता आणि तो खिशात असल्याखेरीज ते काठावर जात नसत.

वर न्यायचं, खाली आणायचं बटण कुठंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "उंची हवा बघंल. आपुन नुसती दिशा बघायची." हे ते मला वारंवार सांगत. माझं जमिनीच्या हादऱ्यांचं भय त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि कधी भांडी वाजून मी बाहेर पळाले तरी ते कुंपणापलीकडून तेच वाक्य अगदी शांतपणे म्हणत. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नसे, पण धीर यायचा.

सुरुवातीची सुपं सगळी उताणी पडली. पाण्यावरून सुंदर सरकत जायची, आणि मधेच नाक वर करून मागे कोसळायची. ती पडली की अण्णा गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहत, त्यापुढे त्यांना जाता येत नसे. ओळखीचा एक नावाडी होता, तो होडी घालून सूप काढून आणी. अण्णा ते पदरात घेतल्यासारखं दोन्ही हातांत घेत. "त्येला वर जायाचा मोह झाला," एवढंच म्हणत. मग शेपूट आणखी उंच करायची, नाकात शिसं भरायचं, मी नवी खोळ शिवायची. माझ्या ओढण्या संपल्या, मग परकर गेले. ह्यांनी एकदा कपाट उघडलं आणि हसत विचारलं, "आता माझी धोतरं कधी जाणार?"

पुढे एकदा, पावसाळ्यात, अण्णांच्या खोलीत चहा घेताना मी सहज विचारलं, "अण्णा, हे सगळं कशासाठी?"

ते म्हणाले, "मी नवा नवा हितं आलो, तवाची गोष्ट. असाच आषाढ. पल्याडच्या काठाच्या चौकीवरनं निरोप आला. एक बाई बाळंत झाली हुती, रगत थांबंना. तितं नर्सबाई हुती, सुई हुती. औषध न्हवतं. औषध आपल्या दवाखान्यात. मधी पानी. लाँच पार दुसऱ्या टोकाला गेलेली, आन वारं असं की होडी निघंना. चूक कुनाचीच न्हवती. मी दुपारपसनं इचारत हुतो, आता कशी हाय, आता कशी हाय. तिन्हीसांजंला तिकडनं म्हनले, आता इचारू नका."

त्यांनी कप खाली ठेवला. "एवढीशी बाटली हुती, वैनी. करंगळीएवढी."

त्या दिवसापासून मी खोळी शिवत होते त्या वेगळ्या हातांनी. एक हिवाळा आला, आणि त्यात एक सूप असं निघालं की जे उताणं पडेना. जलाशयाचा एक अरुंद फाटा डोंगरात घुसलेला आहे, तिथं अण्णांनी चाचणी ठरवली. सकाळचं पाणी आरशासारखं. पल्याडच्या काठावर नावाड्याला उभं केलेलं. अल्याड मी, हे, आणि अण्णांच्या आग्रहावरून आलेले दवाखान्याचे डॉक्टर. सुपाच्या पोटात कापसात गुंडाळलेली पाण्याची बाटली, औषधाच्या बाटलीएवढी.

इंजिन किंचाळलं. सूप पाणी फाडत निघालं, मग पाणी फाडणं थांबलं आणि ते वर उचललं गेलं, वीतभर. त्याच्या खाली पाण्यावर वाऱ्याची एक सुरकुती तेवढी पळत होती. अण्णांचा अंगठा बटणावर होता, पण त्यांनी तो फारसा दाबला नाही. लहान लहान होत ते पलीकडे पोचलं, तेल संपून आवाज बंद झाला, आणि थोड्या वेळानं नावाड्यानं हात उंच केला. त्याच्या बोटांत काच चमकली.

ह्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मात्र अण्णांजवळ आले. भला माणूस. त्यांनी अण्णांना बाजूला नेलं नाही, तिथंच, हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, ही बाटली पावसाआधीच तिकडे नेऊन ठेवायला हवी होती. नर्सबाईंच्या पेटीत. मला तरी सुचायला हवं होतं. या वर्षीपासून ठेवतो."

अण्णा काठावरच्या खडकावर बसले. इतकी वर्षं ज्या पाण्यावरून बाटली न्यायची म्हणून ते झुरले, त्या पाण्यावरून ऐन पावसात जायची तिला गरजच नव्हती. डॉक्टर खजील झाले होते, अण्णा त्यांना म्हणाले, "न्हाई डॉक्टर, बरं झालं. लय बरं झालं. बाटली पोचली म्हंजे झालं."

डॉक्टरांनी शब्द पाळला. पाऊस सुरू होण्याआधी औषधाची पेटी लाँचमधून पल्याड गेली, आणि पुढे दर वर्षी जात राहिली. अण्णांच्या खोलीचं दार मात्र बरेच दिवस लोटलेलं असे. इंजिनाचा आवाज नाही, ईथरचा वास नाही. मला वाटलं, संपलं. आणि मला भलतंच पोरकं वाटायला लागलं. संध्याकाळी मी उगीच शिवणयंत्राचं चाक फिरवत बसायची.

मग एका सकाळी ते दारात आले. हातात नवंकोरं पिवळं रेशीम, कराडच्या बाजारातून आणलेलं. "वैनी, एक खोळ शिवा."

"आता कशासाठी, अण्णा?"

ते लाजले. एवढा पिकल्या मिशांचा माणूस, पण लाजले. "आता नुसतं उडवायला."

त्यानंतरचे दोन हिवाळे म्हणजे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस. रविवारी सकाळी आम्ही काठावर जायचो. डबा बहुतेक माझ्या हातात असे. पिवळं सूप पाण्यावरून जायचं, मोठं वळण घ्यायचं, कारण लहान वळणात त्याची कड पाण्याला लागे, आणि परत यायचं. अण्णा खडकावर बसून बघायचे. कुठं न्यायचं नव्हतं, काही पोचवायचं नव्हतं. नंतर अण्णांची नोकरी संपली आणि ते गावी गेले. एसटीच्या टपावर त्यांची पेटी चढली, सूप त्यांनी मांडीवर घेतलं. मी पाया पडले तर म्हणाले, "आता हादरं बसलं तर पळू नका. अंगनातबी जिमीन तीच हाय."

आमचीही बदली सांगलीला झाली. आमच्या धाकट्या मुलीचा जन्म तिथला. माण तालुक्याकडचा एक कंडक्टर शेजारी राहायला होता, त्याच्याकडून कळलं की अण्णांची नजर गेली, काचबिंदूनं. आम्ही दोघं भेटायला गेलो. ती आमची शेवटची भेट. पुढल्या वर्षी ते गेले.

अण्णांनी आवाजावरून मला ओळखलं. भाकरी-कालवण झाल्यावर म्हणाले, "चला, दावतो." पुतण्यानं सूप उचललं. त्याला आता तीन छोटी चाकं लावलेली होती. गावाबाहेर जुना तलाव होता, त्या उन्हाळ्यात पूर्ण आटलेला. तळाची माती वाळून परातीसारखी सपाट झालेली. "हवंला काय, पानी असू दे न्हाईतर माती," अण्णा म्हणाले. इंजिन पुतण्यानं सुरू केलं. अण्णांनी डबा चाचपून माझ्या हातात दिला आणि ते बांधाच्या दगडावर बसले.

सूप मातीवरून धावलं आणि उचललं गेलं. मागे धुळीची बारीक रेघ. दूर चरणारी मेंढरं मान वर करून बघायला लागली.

"सावली कुटं हाय?" अण्णांनी विचारलं.

"खालीच. चिकटल्यासारखी."

"मग बरूबर हाय."

पलीकडचा काठ जवळ येत होता. मी बटण दोनदा दाबलं, दाबून धरलं. पिवळं सूप धुळीत मोठं वळण घ्यायला लागलं. माझे डोळे भरून आले होते, आणि समोरचं मलाही धड दिसत नव्हतं. मी बटण सोडलं. इंजिनाचा आवाज आमच्या दिशेनं यायला लागला, तसे अण्णा दगडावरून उठले, चेहरा त्या आवाजाकडे वळवला, आणि ते आपल्या अगदी जवळून जाणार याची वाट बघत ताठ उभे राहिले.