अस्वलाची आठ बोटं

रंगाऱ्याचा जन्म भिंतीकडे तोंड करून गेला. बालवाड्या, मुलांचे दवाखाने, पोरांचे केस कापायची दुकानं, जिथे म्हणून पोरं भोकाड पसरतात तिथे जाऊन त्याने कार्टून काढली. त्याचं लाल चड्डीतलं ढेरपोटं अस्वल बघून सुई टोचलेलं पोरसुद्धा रडायचं विसरे. रंग कालवून द्यायला बायको असायची. मध्यंतरी कामं आटली, तेव्हा तिने खोक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि तिथल्या यंत्राने तिच्या डाव्या हाताची करंगळी नेली.

जखम भरली, पण तो हात तिने एप्रनच्या खिशात घातला तो घातलाच. चारचौघांत सोडाच, घरातही. तो हात एकदा बाहेर यावा, एवढंच रंगाऱ्याला हवं होतं. पण बोलायची सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

एके दिवशी बालवाडीच्या मोठ्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"भाऊ, तुमचं अस्वल अडाणी आहे," त्या म्हणाल्या. "पोरं त्याच्या हातांवर मोजतात आणि आठाशी थांबतात. एकाने तर आईला सांगितलं, आकडे संपले. उद्या दोन बोटं वाढवून द्या."

रंगाऱ्याने मोजलं. चार नि चार आठच. इतकी वर्षं हात आपला चालत होता, मोजलं कोणी होतं?

पण चारच का? हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. घरी येऊन त्याने टीव्हीवर कार्टून लावलं. मांजर, चार. त्याच्यामागे धावणारा कुत्रा, चार. बिस्किटाच्या पुड्यावरचा ससा, टूथपेस्टच्या खोक्यावरचा वाघ, सगळे चारवाले. रद्दीतल्या व्यंगचित्रातल्या पुढाऱ्याला तेवढी पाच होती. त्याचं कमी बोटांत भागत नसावं.

"काय धुंडाळताय?" बायकोने विचारलं.

त्याने सांगितलं. सांगताना जीभ अडखळली. ती मात्र शेजारी बसून टीव्हीकडे बघत राहिली.

"तुम्हाला हे आज कळलं?"

"हातांकडे बघतं कोण?"

"मी बघते," ती म्हणाली. "हल्ली सगळ्यांच्या."

दुसऱ्या दिवशी पाच बोटांचं अस्वल कसं दिसतं ते बघायला म्हणून ती आपणहून सोबत आली. रंगाऱ्याने एका पंजाला पाचवं बोट काढलं. पंजाची केळ्यांची फणी झाली. पोरं खिदळली. "ह्याला सूज आली," एकजण म्हणाला.

"पुसा ते," बायको म्हणाली. "सोंग दिसतंय."

"अगं, पण दहा कुठून आणू?"

"दोन्ही हातांत एकेक सफरचंद द्या. आठ बोटं, दोन सफरचंदं."

बाईंना काही ते पटेना. "सफरचंदं ठीक आहेत हो. पण बोटंच पुरी नसली तर मोजायला यायचं कसं?"

बाई सहज बोलून गेल्या; त्यांना काय ठाऊक? रंगाऱ्याचा ब्रश जागीच थांबला. बायकोकडे बघायचा त्याला धीर होईना.

"माझी नऊच आहेत, बाई," बायको म्हणाली आणि तिने डावा हात खिशातून बाहेर काढला. "तरी शंभरापर्यंत मोजते."

बाई ओशाळल्या. पोरं मात्र पुढे सरसावली. एका चिमुरडीने तो हात धरून उलटसुलट केला, मग भिंतीवरच्या पंजाकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे.

"मावशी, तू पण टीव्हीत असतेस?"

"नाही गं. मी रंग कालवते."

रंगाऱ्याचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तो घाईघाईने सफरचंद काढायला लागला. मागून आवाज आला, "अहो, तांबडा फार पातळ झालाय, इकडे द्या." त्याने डबा मागे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.