बैलांची नावं

आमच्या गावात कबड्डी खेळताना कुणाचं डोकं आपटलं, तर त्याला आधी पाणी पाजत आणि मग त्याच्या बैलांची नावं विचारत. नावं बरोबर सांगितली की तो खेळायला मोकळा. चुकली की बाहेर बसायचं. सांगितलेली नावं बरोबर आहेत की नाही हे परक्यानं ठरवायचं नाही. त्याच्या घरचं जे माणूस तिथं हजर असेल त्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा.

ही रीत मूळची तांड्याची. आमच्या गावापासून अर्ध्या कोसावर बंजाऱ्यांचा तांडा होता. आता तेही आमच्यासारखीच पऱ्हाटी आणि ज्वारी लावत, पण त्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. वाटेत कुणी भरल्या बैलाखाली आलं तर त्याला पुढच्या बैलाचं नाव विचारत. सांगता आलं तर तांडा पुढं निघे. नाही आलं तर शेकडो बैलांची ओझी उतरवून तांडा तिथंच मुक्काम करी. एका माणसाच्या डोक्यासाठी एवढी ओझी उतरवणारे लोक मूर्ख असावेत, असं मला तेव्हा वाटायचं.

सामना वर्षातून एकदाच व्हायचा, पोळ्याच्या करीला, गाव विरुद्ध तांडा. आदल्या दिवशी गावाबाहेरच्या ज्या मोकळ्या जागेत, आखरावर, तोरणाखाली बैल उभे राहत, तिथंच दुसऱ्या दिवशी आम्ही उभे राहायचो. फरक एवढाच, की बैलांना पुरणपोळी मिळे आणि आम्हाला मुरूम. आखराची जागा उंचावर आणि मुरमाड होती. खाली काळ्या रानात चिखल असे, तिथं पडलं तर लागलं नसतं. पण चिखलात पाहणाऱ्यांचे कपडे खराब होतात, म्हणून सामना मुरमावर.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावाला त्यात विशेष काही वाटलं नाही, कारण त्याच वर्षी आपण तांड्याकडून हरलो होतो आणि सगळे त्या दुःखात होते. त्यानंतरही दोन वर्षं हरलो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि आमच्या बाजूचा म्होरक्या होतो. हरण्याचा जाब सगळे मला विचारत. महागावच्या बाजारात मिरच्या घेतानासुद्धा विचारत.

आमच्याकडे जिंकण्याजोगी गोष्ट एकच होती. ती म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं डोकं. दादा चढाईला फारसा जात नसे, त्याला दम पुरत नसे. पण पकडीला तो उभ्यानं हात घालत नसे. चढाई करणारा वळला रे वळला, की दादा आडवा सूर मारून डोकं त्याच्या गुडघ्यात घाली. समोरचा खाली येई, आणि त्याच्याबरोबर दादाही. गावात दादाच्या डोक्याचं फार कौतुक होतं. आमचे वडील म्हणत की पोरानं डोक्याचा दुसरा काही उपयोग केला नाही, तेव्हा हा तरी करू द्या.

पण तिसऱ्या वर्षानंतर दादाचं काहीतरी बिनसलं. उन्हात गेला की कपाळ धरून बसायचा. बाजाराला जायचा आणि पिशवी रिकामीच घेऊन यायचा, आणि काय आणायचं होतं असं विचारलं तर चिडायचा. दादा कधी चिडत नसे. घरात चिडायचं काम माझ्याकडे होतं. एकदा त्यानं वखर जुंपताना उजवा बैल डावीकडे बांधला आणि बैलच जागा बदलून उभा राहिला. आम्ही हसलो. वहिनी हसली नाही.

पोळ्याच्या आठ दिवस आधी ती भाकरी वाढताना मला म्हणाली, “भाऊजी, यंदा त्यायले खेळू देऊ नका. माहं नाही आयकत. तुमचं आयकतेत.”

मी बरं म्हणालो. खरंच थांबवायचं असं मनात होतं. निदान भाकरी संपेपर्यंत तरी होतं.

तशी त्या वर्षी डोक्यांची चिंता गावालाही होती. आदल्या सामन्यात तांड्याच्या प्रमुखाचा, नाईकाचा पुतण्या आपटला होता आणि दोन दिवस त्यानं डोळे उघडले नव्हते. उघडले तेव्हा तो आईलाच ‘याडी कुठं आहे’, आई कुठं आहे, असं विचारत होता. मग पारावर बैठक बसली. कबड्डी ठेवायची की बंद करायची, एवढाच विषय होता आणि त्याला सबंध संध्याकाळ पुरली नाही. दवाखान्याच्या कंपाउंडरला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, डोक्याच्या आत काय होतं ते वरून दिसत नाही, तेव्हा खेळ बंद करा. लोकांनी त्याला चहा पाजला आणि मोटारीला बसवून दिलं. म्हातारे म्हणाले, आमच्या वेळी यापेक्षा जास्त आपटायचे आणि कुणाला काही झालं नाही. हे सांगणाऱ्यांपैकी एकाला तो कुठल्या गावच्या पारावर बसला आहे हे आठवत नव्हतं, पण ते वयामुळं असं धरलं गेलं.

शेवटी तोड निघाली. पहिली अशी की आखरावर कुटार, मळणीचा भुसा, पसरायचं, म्हणजे पडलं तरी लागणार नाही. कुटार पसरलं आणि सकाळपर्यंत गावातल्या गाईंनी ते खाऊन टाकलं. दुसरी तोड अशी की डोक्याला कापसाची टोपरी बांधायची. आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी कापूस होता. बायकांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे घेऊन, आत बोटभर जाड कापूस भरून, कानांवरून हनुवटीखाली बांधायची टोपरी शिवली. दादाचं टोपरं वहिनीनं शिवलं. त्यात तिनं इतरांच्या दुप्पट कापूस भरला होता.

टोपरी घालून आम्ही सराव केला आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे कान झाकल्यानं समोरच्याचा दम तुटला की नाही ते ऐकू येत नाही, त्यामुळं दर चढाईला भांडण. दुसरी अशी, की जे लोक आजवर डोकं जपून खेळत होते तेही आता दादासारखे डोक्यानं घुसू लागले. टोपरं आहे, मग भ्यायचं कशाला? चार दिवसांत गावात जेवढी डोकी आपटली तेवढी एरवी चार वर्षांत आपटली नसती. तरी टोपरी काढायचं कुणी म्हणालं नाही. मेहनतीनं शिवली होती.

पोळा झाला. आमच्या घरी त्या वर्षी जोडी नवी होती. जुनी जोडी, बांड्या आणि चांद्या, सात वर्षं आमच्याकडे होती. बांड्याचा पाय अधू झाला म्हणून उन्हाळ्यात ती विकली आणि तांड्यावरून दुसरी घेतली. नव्यांची नावं लाल्या आणि मुंगश्या. पोळ्याला दादानंच त्यांची शिंगं रंगवली, बेगड लावलं आणि तोरणाखाली नेऊन उभं केलं. त्यांना नावानं हाका मारमारून पोळी भरवली. मी शेजारीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दादाला म्हणालो, यंदा बस. तो म्हणाला, बरं. तो इतक्या सहज बरं म्हणाला याचाच मला राग आला. मग मी म्हणालो, नाहीतर दुसऱ्या डावापर्यंत ये, मग पाहू. तेही त्याला पटलं. तेव्हा त्याला काहीही पटत असे, आणि मला ते ठाऊक होतं.

पंच तांड्याचा नाईक होता. आमच्या गावात पंच होण्याजोगा माणूस नव्हता, आणि नाईक कुणाचीही बाजू घेत नसे, स्वतःच्या तांड्याचीसुद्धा नाही. पहिला डाव तांड्यानं घेतला, दुसरा आम्ही. दुसऱ्या डावानंतर मी दादाला बसवलं नाही. तिसरा डाव बरोबरीत आला. तेवढ्यात त्यांचा एक आडदांड गडी चढाईला आला आणि दादानं सूर मारला. त्या गड्याचा गुडघा दादाच्या कानशिलावर बसला. कापसामुळं आवाज अगदी बारीक झाला. दादा आडवा पडला तो उठेना.

पाणी आणलं. टोपरं सोडलं. दादा उठून बसला, आजूबाजूला पाहून हसला. नाईक त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं रीतीप्रमाणं बैलांची नावं विचारली.

“बांड्या अन् चांद्या,” दादा म्हणाला. एकदम स्पष्ट म्हणाला.

आमच्या बाजूचे दोघं-तिघं जवळ होते. त्यांनी ते ऐकलं आणि जमिनीकडे पाहायला लागले. नाईकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“नीट आयकून सांग, बापू. बरोबर हाये काय?”

सात वर्षांची सवय होती, म्हणून क्षणभर मलाही ती नावं बरोबर वाटली, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. मला लाल्या आणि मुंगश्या डोळ्यांपुढं दिसत होते, त्यांच्या शिंगांवरच्या बेगडासकट. दादा बाहेर बसला तर आपण हरणार, आणि पुन्हा वर्षभर मिरच्या घेताना जाब द्यावा लागणार, हेही दिसत होतं. मला जिंकायचं होतं. एवढंच होतं.

“बरोबर,” मी म्हणालो.

नाईकानं पाण्याचा गडू बाजूला ठेवला. मग उठला आणि त्यानं खेळ सुरू केला. दादानं आणखी दोन पकडी केल्या, दोन्ही डोक्यानं. दुसरीला सामना आमचा झाला. लोकांनी दादाला खांद्यावर घेऊन गावात मिरवलं. तो खांद्यावरून सगळ्यांकडे बघून हसत होता आणि आपण कशासाठी मिरवतोय असं त्यानं मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैल सोडायला गोठ्यात गेला. त्यानं बांड्याला हाक मारली, चांद्याला हाक मारली. बैल हलले नाहीत. तेव्हा त्यानं लाल्याला काठीनं मारलं. दादानं जन्मात बैलावर काठी उचलली नव्हती. वहिनी दारात उभी होती. तिला सगळं समजलं, आणि आखरावर काय विचारलं गेलं होतं आणि कुणी काय उत्तर दिलं होतं तेही तिला संध्याकाळपर्यंत समजलं.  तरी ती मला पूर्वीसारखीच भाकरी वाढत राहिली, दूध घालून. तिनं ती भाकरी माझ्या तोंडावर फेकली असती तर मला जेवण गेलं असतं.

दादा बरा झाला नाही. शेतात जायचा, पण काम सुरू करून मधेच उभा राहायचा. पेरणीचा हात त्याचा गेला, हिशेब गेला, लोकांची नावं गेली. वाईट तो कधी बोलला नाही. डोकं दुखलं की गोठ्यात जाऊन बैलांजवळ बसायचा. त्यांना जुन्या नावांनीच हाका मारायचा. दोन महिन्यांनी ते बैल त्या नावांना कान द्यायला लागले. बैलांना ते जमलं.

साठ साली महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या पोळ्याआधी पुन्हा पारावर बैठक बसली. विषय तोच, कबड्डी ठेवायची की नाही. या वेळी कंपाउंडरला बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, बंद करा. लोक म्हणाले, गेल्या सालीच तर जिंकलो. मग तांड्याचा नाईक उठला. तो बैठकीत सहसा बोलत नसे.

तो म्हणाला, “खेळ ठेवा. पण डोकं लागलं का मानूस बाहेर. नावं इचारनं बंद.”

कुणीतरी म्हणालं की ती तर तुमचीच रीत आहे. नाईकानं मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “ते बैल आमच्याच तांड्याचे होते, बापू. त्याईचे नाव मले ठावूक होते. पन शब्द घरच्याचा चालते, म्हनून मी चूप रायलो. मी बी चुकलो.”

तो तेव्हाच आखरावर बोलला असता तर बरं झालं असतं, असं मी कित्येकदा मनात म्हटलं. आता म्हणत नाही. त्याला विचारायचं काम होतं, आणि ते त्यानं केलं होतं.

नव्या नियमानं दोन वर्षं सामने झाले. डोकं लागलं की बाहेर, म्हणून कुणी डोकं घालीना, आणि कुणी डोकं घालीना म्हणून पाहणारे येईनात. मग ग्रामसेवकानं जाळी आणून व्हॉलीबॉल सुरू केला. त्यात डोक्याचं काही काम नव्हतं. कबड्डीचं पुढं काय करायचं हा प्रश्न कुणी सोडवला नाही. तो आखरावर नुसता पडून राहिला. वहिनीनं शिवलेल्या टोपऱ्यातला कापूस काढून तिनं दादाची उशी केली.

मी त्यानंतर खेळलो नाही. पण पोळ्याच्या करीला मात्र घरातून हलत नसे. त्या दिवशी दुपारी जेवण झालं की दादाला काहीतरी आठवायचं. काय ते त्याला सांगता येत नसे. तो मला गोठ्यात घेऊन जायचा, बैलांपुढं उकिडवा बसवायचा, पाण्याचा गडू हातात द्यायचा आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबायचा. मग विचारायचा, आपल्या बैलाईचे नाव सांग.

हे सुरू झालं तोवर लाल्या-मुंगश्याही गेले होते आणि गोठ्यात तिसरीच जोडी होती. पहिल्या वर्षी मी त्यांची खरी नावं सांगितली. दादाचा चेहरा पडला. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, कुठं लागलंय का ते, आणि वहिनीला हाक मारली. 

तेव्हापासून मी दर वर्षी बांड्या आणि चांद्या असंच सांगत आलो. दादा माझ्याकडे नीट पाहायचा, खात्री करून घ्यायचा, आणि मग म्हणायचा, “बरोबर.”