एपिफानियाच्या हातातली काठी

मेक्सिकोतल्या आमच्या वाहाकाच्या डोंगरात कार्गो हा शब्द जपून वापरावा लागतो. गावाने वर्षभरासाठी गळ्यात घातलेली बिनपगारी सेवा म्हणजे कार्गो. कोर्टात अंगावर आलेला आरोप, तोही कार्गोच. आणि जे माणूस तुमच्या हवाली केलंय, ते तुमच्या कार्गोत. एपिफानियाच्या वाट्याला हे सगळेच आले.

तिचा नवरा अबुंदिओ नऊ वर्षांपूर्वी उत्तरेला, अमेरिकेत कामाला गेला. गावशिपायाची पाळी त्याची आली, तेव्हा निरोप आला, ‘तूच बघ काहीतरी.’ पाळी चुकली की गावाने दिलेलं शेत आणि पाणी गाव परत घेतं. सभेत एपिफानिया उभी राहिली.

“गावशिपायाची काठी माझ्याकडे द्या.”

खेचरांचा व्यापारी सेलेरिनोकाका खो-खो हसला. “आणि दारुड्याला कोठडीत कशी नेशील गं? शालीनं बांधून?”

“शाल मजबूत आहे, काका.”

मी गावचा चिटणीस. खरं सांगतो, मीही हसलो होतो.

वर्षभर तिने चौक झाडला, निरोप पोचवले, घंटा वाजवली. जत्रेच्या दिवशी भर दुपारी सेलेरिनोकाकाच मेस्कलची दारू ढोसून बँडवाल्यांच्या अंगावर धावून गेला. एपिफानियाने खांद्यावरची शाल ओढली, त्याचे हात मागे बांधले आणि त्याला कोठडीत ढकललं. काका आतून ओरडत होता, “तुझ्यावर कार्गो ठेवतो! कोर्टात खेचतो!”

सकाळी ती कॉफी आणि मक्याच्या गरम तोर्तिया घेऊन गजांपाशी हजर.

“खा. कोठडीत आहात तोवर तुम्ही माझ्या कार्गोत आहात.”

काका खाली मान घालून जेवला. कोर्टाचं नाव पुन्हा काढलं नाही.

वर्ष संपलं. सभेत मी सेवा केलेल्यांची नावं वाचली. गावशिपाई, अबुंदिओ. रीतच तशी, नवऱ्याची पाळी तर नाव नवऱ्याचं. मी काठीसाठी हात पुढे केला. तिने काठी सोडली नाही.

“वर्षभर ही कुणाच्या हातात होती?”

“बाई, वेड्यासारखं करू नकोस,” सरपंच म्हणाले. “तुझं नाव लावलं तर त्याची पाळी बाकी राहील. शेत जाईल.”

“जिनं सेवा केली तिच्या नावावर शेत करा. सभेत मतही तिचंच. त्याची पाळी त्याची त्याला.”

बाई हातचं घालवून बसणार, असं मला मनापासून वाटलं.

मग मागच्या बाकावरून सेलेरिनोकाका खाकरला. “मला हिनं बांधलं. अबुंदिओ कुठं होता तेव्हा?” आणि त्याने हात वर केला. मग हळूहळू बाकीच्यांचे हात वर आले. सरपंचांचा सगळ्यात शेवटी.

मी नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. ते नीट वाचून मगच तिने काठी दिली.

संध्याकाळी दुकानातल्या फोनवरून तिने अबुंदिओला कळवलं. मी तिथे मीठ घेत होतो.

“शेत राहिलं. माझ्या नावावर,” ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुझी पाळी बाकी आहे,” ती म्हणाली. “काठी कचेरीत ठेवलीय. येऊन उचल.”