हप्ता उतरला तेव्हा

अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयातकर लावल्याची बातमी आली, त्या सकाळी मी लालबागच्या आमच्या खोलीत घावणे खात होते आणि चक्क खुशीत होते. परळला घेतलेल्या माझ्या फ्लॅटचं कर्ज बदलत्या व्याजदराचं. घरात इंग्रजी पेपर वाचणारी मी एकटीच, त्यामुळे कोणी न विचारता शिकवायची मला भारी हौस.

“आता व्याज उतरणार बघ,” मी वहिनीला म्हणाले. मोठ्या भावाची ही बायको काळाचौकीच्या एका गाळ्यात परदेशी जाणारे कपडे तपासायची.

“कर थंय, आणि व्याज हंय कसां उतरतलां?” तव्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

मी समोरच्या वाट्या ओळीने मांडून एकेका वाटीवर बोट ठेवत समजावलंच. तिकडे आपला माल महागला की ऑर्डरी कमी. मग इथे कामं कमी. मग लोकांचा खर्च आणि महागाई थंड. मग सगळ्या बँकांच्या वरची बँक दर उतरवते आणि माझा हप्ता कमी होतो. दुसऱ्या वाटीत वहिनी स्वतःच होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं मी भावाला पुढे सांगितलं. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं.

तिच्याही आलं. “वन्सं, दादरच्या त्या ब्लाउजवाल्या बाई कामाक बोलवतत. जाव काय?”

“छे गं! तुमची कंपनी जुनी आहे. काही होत नाही.”

मला काही ठाऊक नव्हतं. फक्त माझ्या आनंदावर विरजण नको होतं. तिने माझ्यासमोरच फोन करून त्या बाईंना नाही म्हटलं.

दिवाळी सरली आणि गाळा बंद झाला. थोड्याच दिवसांत माझा हप्ताही उतरला. मी गुपचूप दादरला त्या बाईंकडे जाऊन आले. त्यांनी दुसरी बाई कधीच ठेवली होती. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी वहिनी पडदे घेऊन आली. रद्द झालेल्या ऑर्डरीचं कापड गाळ्यातल्या बायकांना वाटलं होतं, त्याचे तिने घरी शिवले होते. निळ्या फुलांचे, सुरेख. ती स्वतःच स्टुलावर चढली.

“तुम्ही सांगल्यात तसांच व्याज उतरलां हां,” वरून ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग दांडीत पडदा ओवता ओवता तिने विचारलं, “वन्सं, आता मी खंयचां काम बघू? तुमकां सगळां आधी कळता.”

मी खाली स्टूल धरून उभी होते. मान वर करून तिच्याकडे बघणं मला जमलं नाही.