लाह्या, धन्याचं पाणी आणि बोर्डावरचं नाव

पेशंट औषधाची रिकामी बाटली आठवणीनं परत आणून देतात, किस्से मात्र आमच्याकडेच ठेवून जातात. जुन्नरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी आयुर्वेदाची डिग्री घेऊन नवीनच लागले होते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दवाखाना वैद्यकाकांचा, आणि निम्मी गर्दी आम्लपित्ताची. छातीत जळजळ, घशाशी आंबट.

पहिल्याच दिवशी एका आजोबांनी माझ्या कानाशी असा ढेकर दिला, की हातातली चूर्णाची बरणी पडून फुटली. काका शांतपणे म्हणाले, "पोरी, ढेकर हे लक्षण आहे. हल्ला नाही."

लोक मला 'नर्सताई' म्हणायचे. बोर्डावर माझं नाव कधी लागणार, असं धीर करून विचारलं, तर काका म्हणाले, "मी नसताना बाकड्यावरची माणसं उठून तुझ्याकडं आत येतील, त्या दिवशी."

*

अवसरीचे रामभाऊ मुलासाठी मुली बघत फिरत होते. काकांनी चहा बंद केलेला, तरी पित्त हटेना.

"घरी एक थेंब न्हाई घेत, वैद्यबुवा. पन दुसऱ्याच्या दारी पावण्यानं चहाला न्हाई म्हनायचं? सोयरीक मोडंल की राव."

काकांनी लेटरहेडवर लिहून दिलं: 'या पाहुण्यांस चहा देऊ नये, दूध द्यावे.' पुढच्या आठवड्यात रामभाऊ आणखी वाकलेले.

"चिठ्ठी दाखवली नाही?"

"दाखवली ना. दूध दिलं. मग म्हनले, ते औषधाचं झालं, आता मानाचा चहा घ्या."

*

एका एसटी कंडक्टरला मी अविपत्तिकर चूर्णाच्या तीन पुड्या दिल्या. पित्त खाली काढणारं औषध, म्हणून तीन दिवस रोज एकच घ्या, असं दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी ते भिंत धरून आले.

"तीन दिवस ड्युटी व्हती, ताई. म्हनलं, इसरायला नको. तिन्ही सकाळीच घेतल्या."

"मग?"

"नारायणगावच्या अलीकडं गाडी चार येळा थांबवली. शेवटी प्याशिंजर म्हनले, तुमी निवांत जाऊन या, तिकिटं आमी फाडतो."

जाता जाता म्हणाले, "जळजळ मात्र गेली हां."

*

आणि मग ती चतुर्थी. काका ओझरला दर्शनाला गेले आणि खुर्चीवर मी एकटी. बाहेर बाकड्यावर पाच जण.

"डॉक्टर न्हाईत? बसतो मग आमी."

तास झाला, कुणी हलेना. भीतीपोटी सकाळपासून मी दोन कप चहावर होते. छातीत नुसती आग.

तेवढ्यात घाटघरच्या चिमाबाई आल्या. आदल्या आठवड्यात त्यांचं पथ्य मीच सांगितलं होतं. परतीची गाडी चुकायला नको, म्हणून त्या थेट आत आल्या आणि हात पुढे करून बसल्या.

मी नाडी धरली. ठोके मोजताना दोनदा चुकले, त्यात मलाच आंबट ढेकर आला. चिमाबाईंनी हात सोडवून घेतला आणि उलटं माझंच मनगट धरलं.

"काय खाल्लंस सकाळधरनं?"

"चहा."

"रिकाम्या पोटी?"

त्यांनी पिशवीतून धन्या-जिऱ्याच्या पाण्याची बाटली काढली, पदराची गाठ सोडून साळीच्या लाह्या माझ्या हातावर ठेवल्या. "बारीक चाव. घाई करू नगं. खाताना बोलायचं न्हाई."

शब्द न् शब्द माझा होता. मी मुकाट्यानं खाल्लं. संपेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या, मग मी बांधून दिलेली औषधाची पुडी घेऊन उठल्या.

दारात त्यांनी बाकड्याकडे पाहिलं.

"हितं काय बसलाय? आत जावा. डॉक्टरीन चांगली हाय. जरा भित्री हाय, पन सांगितलेलं ऐकती."

पाचही जण उठले.