सतरा कपड्यांची सून

सून घरात येऊन तिसरा दिवस होता. ती अंघोळीला गेली तशी मी तिची आलमारी उघडली आणि पलंगावरचे, दोरीवरचे धरून कपडे मोजले. सात कुर्ते, चार सलवारी, तीन ओढण्या, दोन साड्या, एक स्वेटर. सतरा. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजले, तरी सतराच. वरचे दोन खण रिकामे होते आणि खालच्या खणात तिची एकुलती एक बॅग चेन लावून उभी होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. दूधवाल्यासमोर दूध चाखून घेते, भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघते. नवरा म्हणतो, तुला पोलिसात असायला हवं होतं. पण या खेपेला संशयाला कारण होतं. मुलाचं हे दुसरं लग्न. पहिली सून दोन मोठ्या पेट्या आणि आलमारी भरून कपडे घेऊन आली होती. अकरा महिन्यांत दोघांचं बिनसलं आणि ती गेली. मग तिच्याकडचे लोक टेम्पो घेऊन आले, अंगणात पाच माणसं बसली, सामानाची यादी वाचली गेली, आणि ते सामान निघताना मुर्री गावातली आमची अख्खी गल्ली दारात उभी होती. तसलं काही मला पुन्हा बघायचं नव्हतं. मुलाचं घर या वेळी टिकावं, एवढंच मला हवं होतं.

नव्या सुनेचंही हे दुसरंच लग्न. त्यामुळे जमवताना कुणी कुणाला फार खोदून विचारलं नाही. आता सतरा कपडे बघून मला वाटलं, इथेच चुकलो. एकदा पोळलेली पोरगी, खरे कपडे माहेरी ठेवून आली असणार. सतरा कपड्यांची बाई दहा मिनिटांत घर सोडू शकते.

दुपारी तांदूळ निवडता निवडता मी विषय काढला.

“काऊन वं, बाकीचे कपडे माहेरीच ठेवले का?”

“नाही आई, एवढेच हायेत.”

“एवढ्यानं कसं भागन?”

“भागते. सगळ्यावर सगळं चालते. सकाळी विचार नाही करा लागत.”

मला हे उत्तर पटलं नाही. कपड्यांचा विचार न करणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. ही काहीतरी लपवते आहे, हे मी धरून चालले.

ती शेती खात्यात नोकरीला. सकाळी स्कूटीवर निघायची ती संध्याकाळीच यायची. तिचे कपडे मी डोळ्यात तेल घालून पाहू लागले. रंग तीनच, निळा, राखाडी आणि मरून. सलवारी काळ्या नाहीतर मातकट. म्हणजे कुठलाही कुर्ता काढा, कुठलीही सलवार काढा, जोड जमलेलीच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती शेतातल्या बांध्याबांध्यांतून चिखल तुडवून यायची. आल्या आल्या कपडे पिळायची आणि पंख्याखाली टाकायची. सकाळी ते वाळलेले असायचे, माझं लुगडं मात्र दोरीवर कुबट वास मारत असायचं. दोन साड्यांपैकी एक लग्नकार्याला, एक कुणाच्या मयतीला. एक ओढणी फाटली तेव्हा तिने तिचं पायपुसणं केलं, बाजारातून दुसरी आणली, आणि आकडा सतरावरच राहिला. बाई हुशार आहे, एवढं मला कळत होतं. हुशार बायांचीच मला जास्त भीती वाटते.

रोज ती गेली की मी अंगावरचे आणि वाळत घातलेले धरून मोजायचे. एकदा सोळा भरले. राखाडी कुर्ता नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हटलं, सुरू झालं, आता एकेक करून माहेरी पोचवणार. मुलाला दुकानात फोन लावला. तो म्हणाला, “आई, टेलरकडे हाय तो, बाही उसवली. तू काऊन मोजून राहिली पन?” मी फोन ठेवून दिला.

गल्लीतल्या बायांनी त्यात तेल ओतलं. समोरच्या शेठाणीने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “बहू को कपड़े नहीं दिलाते क्या? वही नीला, वही नीला.” मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन मी सुनेला म्हटलं, उद्यापासून साडी नेस. ती हसली आणि म्हणाली, “साडीनं बांधीत उतरता नाही येत.” विषय तिथेच संपला.

शेवटी मी तिच्या माहेरीच धडक दिली. माहेर सौंदडला. पॅसेंजरने गेले, सोबत घरच्या वांग्यांची पिशवी, म्हणजे कुणाला शंका यायला नको. तिच्या आईने चहा दिला. मी हातावर मुद्दाम चहा सांडला आणि टॉवेल मागितला. तिने आलमारी उघडली. मी मान लांब करून पाहिलं. आत गोधड्या होत्या, बियाण्याच्या पिशव्या होत्या, सुनेच्या बापाचे दोन शर्ट होते. मुलीचं एक फडकंही नव्हतं. परतीच्या गाडीत मला बरं वाटायला हवं होतं. पण मी विचार करत बसले, इथे नाहीत तर मग कुठे आहेत?

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आलमारी भरली तर बाईचा पाय घरात रुतेल. कपडा माणसाला बांधून ठेवतो, असं मला वाटायचं, आणि पहिली सून दोन पेट्या भरून कपडे असूनही गेली हे मी सोयीने विसरले होते. मी माझी पेटी उघडली आणि तळातून तीन साड्या काढल्या. एक पोपटी, एक जांभळी, एक आमसुली. चांगल्या भारीतल्या. त्या पहिल्या सुनेच्या होत्या.

त्या माझ्याकडे कशा आल्या, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. टेम्पो भरत होता तेव्हा मी तीन साड्यांचं बोचकं उचललं आणि धान साठवायच्या ढोलीमागे सरकवलं. त्या मला नेसायच्याही नव्हत्या. माझ्या पोराचं घर मोडून ही सगळं उचलून नेते, याचा राग आला होता. यादीत नुसतं ‘साड्या’ एवढंच होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

तर त्या तीन साड्या मी नव्या सुनेच्या रिकाम्या खणात ठेवल्या. संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली, हातात पोपटी साडी.

“आई, ह्या कोनाच्या?”

“आहेराच्या हायेत. पडून होत्या. तुलेच ठेवल्या.”

तिने घडी उलगडली. आतून शिवलेला ब्लाऊज निघाला, बारीक बाह्यांचा. तो मी पाहिलाच नव्हता.

“आहेरात शिवलेला ब्लाऊज बी देतात का?”

मी ब्लाऊज ओढून घ्यायला हात पुढे केला. तिला उत्तर मिळालं. ती बाजेवर बसली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं काही बोलली.

“माह्या बावीस साड्या पहिल्या सासरी राहिल्या. मी तीनदा फोन केला. सासू म्हने, तुह्यं इथं काही नाही. बॅगेत चार कपडे होते, त्याच्यावर वर्ष काढलं. नोकरी बी तवाच लागली. आन पाहा, चार कपड्यात कोनतंच काम अडलं नाही. मंग मीच ठरवलं, लागतात तेवढेच ठेवाचे. थोडे वाढवले, एकमेकावर चालतील असे. जास्तीचा एक बी नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता. माझे कान मात्र तापले. कारण पहिलीनेही मला फोन केला होता. “पोपटी साडी माह्या आईनं घेतली होती, तेवढी तरी पाहा,” म्हणाली होती. आणि मीही म्हटलं होतं, इथं काही नाही. तेच शब्द. मी हे सुनेला सांगून टाकलं. का सांगितलं, मला माहीत नाही. सांगितल्याबरोबर पस्तावले, कारण आता ही नक्की जाणार, असं वाटलं.

रविवारी सकाळी तिने आलमारीतली बॅग काढून पलंगावर ठेवली. मी दारात उभी होते.

“चालली का?”

“मी नाही. ह्या चालल्या.” तिने तिन्ही साड्या बॅगेत घातल्या. “तुम्ही बी चला. द्याच्या तुम्हीच हायेत.”

मी पुष्कळ कारणं सांगितली. गुडघा, पाहुणे, लोक काय म्हणतील. ती ऐकत होती आणि हातात स्कूटीची चावी होती. मी नाही गेले तर ही घरात राहील पण माझ्याशी कधी बोलणार नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मग मी चपला घातल्या.

पहिली सून आता आमगावला आईजवळ राहते. अंगणात तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिचं सूप थांबलं. बसा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्या सांगितलं, “ह्या तुझ्या साड्या. टेम्पोच्या दिवशी मीच लपवल्या होत्या. फोनवर बी खोटं बोलली.”

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “मी तुमाले ढोलीमागं जाताना पाहिलं होतं.”

“मंग तवा काऊन नाही बोलली?”

“पाच मानसं बसून होते. तुम्ही नाही म्हटलं असतं, मीच खोटी पडली असती.”

तिने पोपटी साडी वर घेतली, काठावर हात फिरवला आणि मग माझ्या सुनेकडे बघितलं.

“तू नवी काय? किती कपडे नेले तिथं?”

“सतरा.”

“बरं केलं,” ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने दोन ग्लास पाणी घेऊन आली. आम्ही प्यायलो आणि निघालो.

परतताना मी स्कूटीवर मागे बसले होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच विचारता आलं.

“तू राहशीन ना वं?”

समोरून धानाचा ट्रक आला, तिने गाडी कडेला घेतली, तो जाऊ दिला.

“तुम्ही रोज माझी आलमारी उघडता, मले तिसऱ्या दिवसापासून मालूम हाय. सतरा कपड्यात एक बी सरकला तं दिसते.”

“मंग तू बी बोलली नाही!”

“तुम्ही मले कधी विचारता, तेच पाहून राहिली होती.”

“आता विचारलं ना.”

“राहीन,” ती म्हणाली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

खरं सांगते, माझा पूर्ण विश्वास बसला नाही. तिचा आवाज कसा होता, ते मी घर येईपर्यंत मनात तपासत राहिले. पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.