आतलं पान

या देशात सार्वजनिक वाचनालयं कशासाठी निघाली याची विद्वान माणसं काहीही कारणं देवोत, माझं ठाम मत असं आहे की ती माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांना संध्याकाळी बसायला जागा हवी म्हणून निघाली. ती निघाली तेव्हा काका जन्मलेही नव्हते, पण म्हणून काय झालं? मंडळी आधीपासून तयारीला लागली होती, एवढाच त्याचा अर्थ. मावशी पहिल्यापासून सगळ्यांना बजावून ठेवायची, "भावजींना चहा हवा का विचारा, तब्येत विचारा, पण वाचनालय कसं चाललंय असं चुकून विचारू नका. स्वयंपाक थंड होतो." कारण काका कधीही 'ठीक चाललंय' असं उत्तर देत नसत. ते मठातल्या पोथ्यांपासून सुरुवात करत. पोथ्या मठातून राजवाड्यात गेल्या, मग साहेब आला आणि त्याने फक्त साहेबांसाठी लायब्रऱ्या काढल्या, मग आपल्या लोकांनी वर्गणी काढून स्वतःच्या काढल्या, बडोदा संस्थानातून तर पेट्या भरभरून पुस्तकं खेडोपाडी फिरली, आणि मग स्वातंत्र्य, कायदा, अनुदान. माझ्या लग्नात पंगतीला ते माझ्या सासऱ्यांशेजारी बसले. सासरे सिन्नरचे, भिडस्त. काका बडोद्याला पोचले तेव्हा जिलबीचा शेवटचा आग्रह होऊन गेला होता. सासरे अजूनही म्हणतात, "तुझ्या लग्नात गोड काय होतं गं?"

एकदा आम्ही बसने नाशिकरोडहून येत होतो आणि द्वारकेच्या चौकात गाडी जी अडकली ती हलेना. शेजारच्या माणसाने उगाच बोलायचं म्हणून विचारलं, "काका, कुठं निघालात?" काका म्हणाले, "वाचनालयात." तो बिचारा साहेबाच्या लायब्रऱ्यांपर्यंत टिकला, मग 'मी चालतच जातो' म्हणून उतरला. त्याला जायचं होतं पंचवटीत. काका खिडकीतून त्याच्याकडे बघत म्हणाले, "ड वर्ग."

हे वर्गांचं सांगायलाच हवं. सरकार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं, मोठं ते अ आणि नुकतं सुरू झालेलं ते ड. काका सरकारी कचेरीत कारकून होते आणि आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवरही होते. त्यांनी ही पद्धत सगळ्या जगाला लावून टाकली. मावशीच्या हातचं पिठलं अ वर्ग. महापालिकेचे रस्ते ड, तेही तपासणी नीट झाली नाही म्हणून. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "क वर्ग, पण वाढीला वाव आहे." नवरा अजून त्याच वर्गात आहे, हे मी त्याला अधूनमधून ऐकवत असते.

लग्न काकांनी केलं नाही. म्हणजे मुलगी बघायला गेले होते एकदा, सटाण्याकडच्या एका गावात. सगळे पोहे खात असताना त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गावच्या वाचनालयाचा वर्ग कोणता?" मुलगी म्हणाली, "आमच्या गावात वाचनालय नाही." काका इतके कासावीस झाले की त्यांनी परत येऊन अर्ज केले, माणसं गाठली, तिथल्या शिक्षकांना उभं केलं आणि खटपट करून गावात वाचनालय सुरू करून दिलं. या सगळ्या धावपळीत मुलीच्या घरी होकार कळवायचा राहून गेला. वाचनालय झालं, लग्न राहिलं. मावशीने कपाळाला हात लावला.

पण त्यांचा खरा संसार होता तो वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर. तिथे रोज संध्याकाळी तीच म्हातारी मंडळी जमत आणि तिथले रिवाज देवळातल्यापेक्षा कडक. वर्तमानपत्र एक आणि वाचणारे चार, त्यामुळे पानं सुटी करून वाटून घ्यायची. सगळ्यात मागणी आतल्या पानाला, कारण निधनवार्ता आणि शब्दकोडं तिथे. ते हवं असलं की विचारायचं, "अहो, आतलं पान झालं का?" आणि ज्याच्या हातात असेल त्याने मान वर न करता म्हणायचं, "थोडं राहिलंय, थांबा जरा." वाचून झालं असलं तरी असंच म्हणायचं. लगेच दिलं तर बोलणं संपतं, म्हणून. आणि तिथे सगळे 'अहो'. एकदा मावशीचे यजमान, म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, किल्ली मागायला आले, तर काका त्यांनाही "बसा, कुणाला भेटायचंय?" म्हणाले. घरी आल्यावर मात्र, "दादा, तू तिथे हाका कशाला मारतोस?"

या मंडळींना नावं नव्हती. पानांवरून ओळख. एक होते अग्रलेखवाले. दुसरे शब्दकोडंवाले, देवळाली कॅम्पातले निवृत्त हवालदार. तिसरे फुलवाले, मळ्यातला झेंडू बाजारात उतरवून यायचे आणि निधनवार्ता वाचून म्हणायचे, "आज आपल्यातलं कुणी नाय, बरं हाय." आणि आमचे काका त्या मंडळींत बाजारभाववाले, कारण बाकीची पानं गेल्यावर तेच उरायचं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसली ही माणसं, आणि एकाने दुसऱ्याचं नाव विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही, असा समज.

मग ते टेबल गेलं. स्पर्धा परीक्षेची मुलं जागेसाठी वणवण फिरत होती, तेव्हा वाचनालयाने तिथे अभ्यासिका करायचं ठरवलं, छोट्या छोट्या कप्प्यांची. सगळ्यांना वाटलं, काका सभा उधळणार. काका उभे राहिले आणि अर्थातच मठातल्या पोथ्यांपासून सुरू झाले. लोकांनी घड्याळं बघितली. शेवटी ते म्हणाले, "पोथी मठातून बाहेर आली तेव्हा मठातल्यांची गैरसोय झालीच असेल. आता आपली पाळी. वाढ आहे ही, वाढीला नाही म्हणू नये." आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मला हे कळलं तेव्हा मी चिडले होते. स्वतःच्या पानावरून स्वतःच उठायचं म्हणजे काय?

आता तिथे मुलं कानात काहीतरी खुपसून दिवसभर वाचतात, आणि वर्तमानपत्र दाराशी स्टँडवर उभ्याने वाचायचं. म्हाताऱ्यांचे गुडघे उभ्याने वाचू देत नाहीत. एकेक जण यायचा बंद झाला. काका फुलवाल्यांना शोधत फुलबाजारात गेले, तर तिथे सगळेच फुलवाले. कॅम्पात जाऊन त्यांनी शब्दकोडं सोडवणाऱ्या निवृत्त हवालदारांची चौकशी केली. पानटपरीवाला म्हणाला, "आजोबा, इथं दर घरात एक आहे. नाव सांगा." काका तसेच परत आले.

परवा सकाळी मावशीने दिलेले लाडू घेऊन मी त्यांच्या घरी गेले; आता ते वेगळे, एकटेच राहतात. काका दाराकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत बसले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर आतलं पान नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

"बस. ते उचल, चुरगाळू नकोस," ते म्हणाले.

"करमत नाही ना काका?"

"ड वर्ग घर आहे गं हे. सभासद एक." मग लाडवांचा डबा बाजूला सरकवला. "नाव विचारायचं राहिलंच बघ. निधनवार्ता रोज वाचतो, पण त्यात ते असले तरी मला कसं कळणार?"

मला फार वाईट वाटलं. मी पान उघडलं आणि वाचायला लागले. काकाही वाचायला लागले. खाली भाजीवाली ओरडत गेली, कुणाचा तरी कुकर झाला. जन्मभर मला 'अगं' म्हणणारे काका कागदामागूनच म्हणाले, "अहो, आतलं पान झालं का?"

माझं केव्हाच वाचून झालं होतं. मान वर न करता मी म्हटलं, "थोडं राहिलंय, थांबा जरा."

काका थांबले. पलीकडून समाधानाने पान उलटल्याचा आवाज आला, आणि माझे डोळे भरून आले. बरं झालं, वर्तमानपत्राचं पान तोंड झाकण्याइतकं मोठं असतं.